हात मुलाचा मोडला, गुन्हाही त्याच्यावरच?

प्रश्न : निकालातल्या गोंधळाविरुद्ध विद्यापीठाच्या फाटकासमोर मुलं धरणं धरून बसली होती. मागून कुणीतरी दगड भिरकावला आणि लाठीमार झाला. पळताना माझ्या मुलाच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. घाबरून त्यानं दवाखान्यात ‘घसरून पडलो’ असं सांगितलं. आता ५०-६० अनोळखी विद्यार्थ्यांवर सरकारी नोकरावर हल्ल्याचा गुन्हा नोंदवलाय. ‘ठाण्यात येऊन माफीनामा लिहून द्या, मिटवून टाकू,’ असा फोन आला. काय करू?

उत्तर : ताई, माफीनामा देऊ नका. कोर्टात तो कबुलीजबाब म्हणून टिकणार नाही, पण ‘अनोळखीं’मधून तुमच्या मुलाचं नाव वर काढायला तेवढा कागद पुरतो. शिवाय दाखल झालेला गुन्हा माफीनाम्यानं मिटत नसतो; फोन करणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ अजामीनपात्र आहे. म्हणून आधी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज, लाठीमाराची तक्रार त्यानंतर. फोन आला तर लेखी नोटीस मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस मिळाली तर मात्र टाळाटाळ नको, वकील घेऊन हजर व्हा.

आता लाठीमाराचं. दगड पडला म्हणून दिसेल त्याला झोडपायचा परवाना मिळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा. जमाव हटला नाही तरच बळ वापरायचं, तेही पांगवण्यापुरतं. अनिता ठाकूर प्रकरणात (२०१६) मोर्चेकऱ्यांनीच आधी दगडफेक केल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. तरीही जमाव आटोक्यात आल्यावर झालेली मारहाण बेकायदा ठरवून भरपाई दिली. तेव्हा तुमच्या मुलाच्या बाबतीत खरा प्रश्न एवढाच : लाठी बसली त्या क्षणी तो काय करत होता? पळत असेल, तर तो पांगतच होता.

हात लाठीनंच मोडला हे सिद्ध करायला एक्स-रे कामी येईल. डोकं वाचवायला वर केलेल्या हातावर लाठी बसली की बहुधा कोपर आणि मनगट यांच्या मधलं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. घसरून पडणारा माणूस बहुधा तळहातावर पडतो, आणि त्याचं हाड मनगटापाशी मोडतं. हाड नेमकं कुठे मोडलंय ते अस्थिरोगतज्ज्ञाकडून लेखी घ्या. ते मनगटापाशीच मोडलं असेल, तर हा मुद्दा सोडून द्या. ओढूनताणून मांडलात तर उलटेल. जुन्या केसपेपरवर खाडाखोड करू नका. जिल्हा रुग्णालयात जाऊन खरी हकीकत सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची रुग्णालयातली नोंद) करून घ्या, आणि आधी वेगळं का सांगितलं तेही लिहायला लावा.

तक्रार पोलीस अधीक्षकांकडे (शहरात आयुक्तांकडे) आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करा. मानवी हक्क आयोगाची मुदत एक वर्षाची. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची मुदत जास्त घातक. पोलिसांवरचे खटले आणि दावे तिथेच बारगळतात. पोलिसांवर खटला भरायला लागणाऱ्या शासनाच्या मंजुरीची अडचणही येईल. त्यामुळे शिक्षेपेक्षा उच्च न्यायालयातून भरपाई मिळण्याची आशा मला अधिक वाटते.

फाटकावरच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, असा अर्ज कुलसचिवांकडे उद्याच द्या आणि पोच घ्या. ज्याच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे, त्याला तो मोबाइल विकू नको म्हणावं.