मुंबईत घरामागे चार-पाच कोंबड्या पाळायच्या आहेत. रोज किती वेळ जातो, वास येतो का, अंड्यांचे पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की घर गावठाणात बैठं आहे, मागे थोडी जागा आहे, दोघंही नोकरीला जाता आणि मुलीला घरची अंडी मिळावीत अशी इच्छा आहे. मी गोराईचा. आमच्या मागीलदारी आजीच्या वेळेपासून कोंबड्या आहेत, सध्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी तुम्ही न विचारलेलं एक विचारतो: संध्याकाळी दार कोण लावणार?

कोंबड्या अंधारून यायला लागलं की आपणहून खुराड्यात शिरतात. हाकलावं लागत नाही. दांडीवर कोणी कुठे बसायचं यावरून थोडी चोचाचोची होते आणि दहा मिनिटांत सगळं चिडीचूप. मग नुसती कडी घालायची, अर्ध्या मिनिटाचं काम. पण हे अर्धं मिनिट नोव्हेंबर अखेरीला सहाच्या सुमारास येतं आणि जुलैत साडेसातला. त्या वेळी नोकरदार मुंबईकर कुठे असतो? मी तरी अंधेरीहून बोरिवलीला येणाऱ्या लोकलमध्ये एका पायावर उभा असतो, आणि पुढे खाडी ओलांडायची बोट वेगळीच. आमच्याकडे दार आई लावते, म्हणून कोंबड्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी आई आठवडाभर मावशीकडे अलिबागला गेली. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी काकू कुणाच्या तरी हळदीला गेल्या. त्यांना वाटलं मी लवकर येणार, मला वाटलं त्या लावतील. नऊला पोचलो, टॉर्च मारला, तर दार सताड उघडं आणि दांडी रिकामी. खाली भुशात दोन पडलेल्या, मानेशी चावे. पिसं विहिरीपर्यंत उडालेली. बोका होता की उदमांजर, कळलं नाही. मुंगूस नक्की नव्हतं, ते दिवसा फिरतं. एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, रात्रभर न्हाणीच्या पत्र्यावर बसून होती. मी दोनदा शिडी लावली, दोनदा ती कौलांवर सरकली. उजाडल्यावर खाली उतरली ती सरळ पाण्याच्या टोपाकडे गेली आणि कितीतरी वेळ पीत राहिली. वाचलेल्यांनी पुढे दोन आठवडे अंडं घातलं नाही. आई परत आल्यावर मला काही बोलली नाही. काकूंना मात्र बोलली, तेही मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

आपोआप बंद होणारी दारं बाजारात मिळतात. पण एखादी उनाड कोंबडी उशिरा आली तर ते दार तिच्यासाठी पुन्हा उघडत नाही. म्हणून घरात संध्याकाळी हमखास असणारं माणूस बघा, मग पुढचं बोलू.

खुराड्याला षटकोनी डोळ्यांची ‘कोंबडीजाळी’ लावू नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे जोड दिलेली चौकोनी तारेची जाळी, घ्या आणि घुशींसाठी ती जमिनीखालीही फूटभर न्या. मुंबईत घूस नाही अशी जागा मला अजून दिसायची आहे. पिल्लं असतील तर वरूनही झाका, कारण घार दिवसाढवळ्या येते आणि तिला एक झेप पुरते.

आता वेळ. सकाळी पंधरा-वीस मिनिटं: दार उघडणं, पाण्याचं भांडं घासून भरणं, खाणं टाकणं, अंडी काढणं. रविवारी तासभर सफाई. एक मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे सहा जणींना महिन्याला वीसेक किलो. आमच्याकडे निम्मं लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), बाकी कणी, कोंडा, शिळा भात आणि भाजीचे देठ. अंड्याचं कवच पातळ पडायला लागलं की आई तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून कुटून घालते. कोळीवाडा जवळ असल्याचा हा फायदा. सुका जवळाही घालते, पण मूठभरच, जास्त झाला तर अंड्याला वास मारतो. एकदा मी दयाळूपणाने पिशवीभर घातला होता. आठवडाभर घरात कोणी ऑम्लेट खाल्लं नाही.

वासाचं म्हणाल तर कोरड्या खुराड्याला वास फारसा येत नाही, ओल्याला येतो. वखारीतला लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस तीन-चार इंच पसरायचं, अधूनमधून हलवायचं, ओलं झालेलं तेवढं लगेच काढायचं. आठ महिने यात काही कठीण नाही. पावसात मात्र कसोटी लागते. मुंबई उपनगरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ओल खालून, वरून, बाजूने, सगळीकडून येते. त्या ओलीत पिल्लांना रक्ती हगवण होते. म्हणून खुराडं जोत्यावर, जमिनीपासून दोन फूट तरी वर हवं. आमचं आधी जमिनीवर होतं. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला तेव्हा, आमच्या कोंबड्यांनी ती रात्र माळ्यावर, आजीच्या ट्रंकेवर काढली. त्या ट्रंकेचं पुढे काय झालं ते विचारू नका.

पैसे वाचत नाहीत. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. दहा-पंधरा घालते आणि खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते: खाणं-पिणं कमी, हात लावला की पिसं फुगवून चोच मारणं. पिल्लं नको असतील तर काही जण तिच्या नाकात पीस खुपसतात. आजी करायची, पण तुम्ही करू नका. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल अशी तीन-चार दिवस ठेवा, बहुतेक वेळा खुडूक उतरते. पिल्लं हवी असतील तर तिच्याखाली अंडी ठेवा आणि २१ दिवस तिला तिचं काम करू द्या. नुसती अंडीच हवी असतील तर गिरीराज किंवा वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या घ्या, त्या गावठीपेक्षा बऱ्याच जास्त देतात. कडकनाथच्या नादी लागू नका. तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, दिसायला देखणा, पण अंड्यांच्या बाबतीत कंजूष.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी. तुमच्या भिंतीला भिंत लागून घर असेल तर ठेवूच नका. आमच्याकडे मागे एका भाडेकरूंची रात्रपाळी होती, त्यांनी तक्रार केली म्हणून आम्ही कोंबड्याला रात्री डालग्याखाली, वर गोणपाट टाकून ठेवला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर झाकलेलं कोंबडंही राहिलं नाही, साडेचारला गोणपाटाखालून तेवढ्याच जोमात आरवला. शेवटी भाडेकरूंना दर रविवारी चार अंडी सुरू केली. ती जास्त लागू पडली.

पिल्लं कुठून आणता ते महत्त्वाचं. रस्त्यावर टोपलीत हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं मिळतात ना, ती बहुतेक अंड्याच्या जातीचे नर असतात, हॅचरीला नको असलेले. मुलगी हट्ट करेल, तरी घेऊ नका, त्यातली फार थोडी जगतात आणि जगलेली अंडी देत नाहीत. लसी दिलेल्या आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का, हे पहिलं विचारा. मानमोडी आली की उपचार नसतो, थोड्याच दिवसांत अख्खा कळप जाऊ शकतो. पुढच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. आणि कोंबड्या किंवा आजूबाजूचे कावळे एकाएकी मरायला लागले तर मेलेल्याला उघड्या हाताने उचलू नका, लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा. बर्ड फ्लू २००६ मध्ये नवापूरला आला होता, २०२१ मध्ये परभणीला.

आणखी एक. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात, कोंबडी मात्र पुढेही काही वर्षं जगते. तिचं काय करायचं ते आताच घरात बोलून घ्या, मुलीने नावं ठेवायच्या आधी. आमच्याकडे गटारीच्या आठवड्यात वर्षभर न बोलणारे नातेवाईकही ‘कोंबड्या कशा आहेत?’ म्हणून फोन करतात. माझ्या मुलीने सगळ्यांना नावं ठेवलेली असल्यामुळे आम्ही गटारीला बाजारातून आणतो.

मागची जागा किती बाय किती आहे आणि पावसात तिथे पाणी किती चढतं ते कळवा, म्हणजे खुराड्याचं माप सांगतो. दार कोण लावणार तेही.