स्वॅबची काडी

प्रिय,

तुझं टिपण आणि संहितेचा खर्डा, दोन्ही वाचून झालं. खर्ड्याबद्दल शेवटी बोलते. आधी 'पॅरलल मदर्स'बद्दल, कारण त्या सिनेमात तुला जे खटकलं, नेमकं तेच तुझ्या खर्ड्यात असायला हवं होतं असं मला वाटतं.

तुझी तक्रार अशी, की स्पॅनिश दिग्दर्शक अल्मोदोवारनं दोन सिनेमे एकमेकांना जोडलेत आणि जोड लपलेला नाही. एक प्रसूतिगृहात अदलाबदल झालेल्या दोन मुलींचा आणि दुसरा स्पेनच्या यादवी युद्धात मारून पुरलेल्या माणसांचा. मधे बराच वेळ त्या खड्ड्याचा विषय जवळजवळ निघतच नाही आणि शेवटी एकदम सगळे उत्खननाला हजर. हे तू एकटीच म्हणत नाहीस. 2021 मध्ये सिनेमा आला तेव्हा कितीतरी समीक्षकांनी हेच लिहिलं होतं. व्हेनिसला पेनेलोपे क्रूझला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा अभिनयाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, पण रचनेबद्दल नव्हतं.

माझा जन्म संकलनाच्या टेबलावर गेला, त्यामुळे माझा सल्ला त्याच जातीचा आहे. सिनेमा पुन्हा लाव, आवाज बंद कर आणि फक्त एका वस्तूवर नजर ठेव. स्वॅबची काडी. कोविडनंतर ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे, पण इथे ती डीएनए तपासणीसाठी गालाच्या आतून फिरते. जानिस, म्हणजे क्रूझ, पहिल्यांदा ती वापरते ते घरी, एकटीनं, स्वतःच्या आणि तान्ह्या सेसिलियाच्या तोंडात. निकाल येतो की ही मुलगी तिची नाही. दुसऱ्यांदा ती काडी प्रसूतिगृहात भेटलेल्या दुसऱ्या आईच्या, आनाच्या तोंडात जाते आणि आनाला त्याचं खरं कारण माहीत नसतं. तिसऱ्यांदा ती गावातल्या म्हाताऱ्या बायकांपर्यंत पोहोचते, कारण खड्ड्यातल्या हाडांना नावं द्यायची तर जिवंत नातलगांची लाळ लागते. काडी तीच, तपासणी तीच, प्रश्नही तोच, की कोण कुणाचं? माद्रिदच्या फ्लॅटमध्ये जानिस उत्तर दडवून ठेवते आणि गावात तेच उत्तर मिळावं म्हणून जिवाचं रान करते.

आता पुन्हा सांग, सिनेमे दोन आहेत का?

जानिसकडे नीट बघ. ही बाई पहिल्याच भेटीत आर्तुरो या मानववंशशास्त्रज्ञाला विचारते, माझ्या पणजोबांना फलांगिस्टांनी, म्हणजे फ्रँकोच्या बाजूच्या फॅसिस्टांनी, मारून जिथे टाकलं ती जागा तुमची संस्था खणेल का? सत्तर-ऐंशी वर्षं एक देश तोंड मिटून बसला याचा तिला संताप आहे. आणि हीच बाई तपासणीचा निकाल आल्यावर काय करते? फोन नंबर बदलते. ज्या मुलीची आई ती नाही, तिला छातीशी धरून गप्प बसते. पुढे कळतं की आनाजवळ असलेलं बाळ, म्हणजे जानिसचं स्वतःचं बाळ, झोपेतच गेलं. यानंतर तर तिच्या गप्प राहण्याला आणखीच मोठं कारण मिळतं. ती आनाला घरात आणते, पगार देते, बटाट्याचं ऑम्लेट करायला शिकवते, तिच्यावर प्रेम करते आणि तिच्याच पोटची मुलगी तिला सांभाळायला देते. यात दुष्टपणा कुठेच नाही. फक्त खरं बोललं तर जवळचं सगळं जाईल ही भीती आहे. हुकूमशहा फ्रँकोनंतरच्या स्पेननं जे केलं त्यामागेही बऱ्याच अंशी हीच भीती होती.

तुझ्या टिपणात इतिहास एका ओळीत उरकला आहेस, म्हणून हे थोडं सविस्तर सांगते. फ्रँको 20 नोव्हेंबर 1975 ला मेला, खुर्चीवर असतानाच. त्याला कुणी हटवलं नव्हतं. लोकशाही आली ती वाटाघाटींतून आणि 1977 च्या माफीच्या कायद्यानं दोन्ही बाजूंची पाटी कोरी करून टाकली. राजकीय कैदी सुटले, पण त्यांना छळणारेही सुटले. पुन्हा यादवी नको, म्हणून मागचं उकरायचं नाही असा एक अलिखित करार झाला. त्या काळी तो कित्येकांना शहाणपणाचा वाटला असेल आणि मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. पण रस्त्याकडेला आणि स्मशानांच्या भिंतींबाहेर पुरलेली माणसं तिथेच राहिली. 2008 मध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्यापुढे बेपत्ता लोकांचा जो आकडा आला तो 1,14,226 होता. जानिस आनाशी भांडताना 'एक लाखाहून जास्त' म्हणते ते हवेतलं नाही. कवी लोर्का त्यांतलाच एक. ऑगस्ट 1936 मध्ये ग्रॅनडाजवळ त्याला गोळ्या घातल्या, त्याचे अवशेष अजून सापडलेले नाहीत.

खणायला सुरुवात केली ती नातवंडांनी, सरकारनं नाही. 2000 मध्ये एमिलियो सिल्वा नावाचा पत्रकार आजोबांचा शोध घेत लेओन प्रांतातल्या प्रिआरान्सा देल बिएर्सो या गावी पोहोचला. तिथल्या खड्ड्यात तेरा जणांचे अवशेष निघाले आणि पुढे डीएनएवरून त्याच्या आजोबांची ओळख पटली. त्यातूनच असे खड्डे शोधणारी संघटना उभी राहिली. 2007 मध्ये 'ऐतिहासिक स्मृती'चा कायदा झाला, पण त्यात मुख्य भार कुटुंबांवरच होता. पुढे पंतप्रधान राहॉय यांच्या सरकारनं त्यासाठीचा पैसा शून्यावर आणला. ही जबाबदारी सरकारची असं म्हणणारा कायदा ऑक्टोबर 2022 मध्ये आला, म्हणजे सिनेमानंतर वर्षभरानं. जानिस सरकारी कचेरीत न जाता एका मानववंशशास्त्रज्ञाला का गाठते, हे आता तुला कळेल.

आईपणाचा भाग तर याहून थेट आहे आणि तो तू पूर्ण सोडून दिलास. जानिसला तिच्या आजीनं वाढवलं. मुलीला ती आजीचंच नाव देते, सेसिलिया. तिच्या घराण्यात बायकांनी एकटीनं पोरं वाढवायची रीतच पडली आहे आणि मीही तेच करेन, हे ती जवळजवळ अभिमानानं सांगते. ही रीत सुरू कुठे झाली? त्या खड्ड्यापाशी. पणजोबा मारले गेले, पणजी एकटी पडली आणि घर बायकांचं झालं. माद्रिदमधल्या त्या देखण्या फ्लॅटमध्ये एकटी बाई बाळाला पाजते आहे, त्यामागे 1936 आहे. हे वाक्य सिनेमात कुणी बोलत नाही, आणि बोललं असतं तर मी ते कापून टाकलं असतं.

न बोलता ठेवलेली आणखी एक गोष्ट बघ. आनाची आई तेरेसा. नटी आहे, उशिरा संधी मिळाली म्हणून मुलीला अडचणीत सोडून दौऱ्यावर जाते आणि आपल्याला राजकारणाशी देणंघेणं नाही असं म्हणते. ती रंगमंचावर करते काय, तर लोर्काची 'दोन्या रोसिता'. परत न येणाऱ्या माणसाची वर्षानुवर्षं वाट पाहणारी बाई ती उभी करते आणि त्या बाईला जन्म देणारा नाटककार कुठल्या मातीत आहे हे कुणालाच माहीत नाही. तेरेसाच्या हे गावीही नाही. अल्मोदोवारही ते दाखवून देत नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल. आणि तेरेसाला तो वाईट आई म्हणून मोडीत काढत नाही हेही लक्षात ठेव. पोटात माया आपोआप फुटत नाही असं कबूल करणारी बाई पडद्यावर इतक्या आदरानं क्वचितच दाखवली जाते. तुझ्या टिपणात तिच्यावर 'स्वार्थी' असा शिक्का आहे. तो खोडून टाक.

मग घरातलं ते भांडण. आना वडिलांचं ऐकून म्हणते की जुन्या जखमा कशाला उघडायच्या, पुढे बघावं. जानिस भडकते आणि आपण कुठल्या देशात राहतो हे तू आता समजून घ्यायलाच हवंस, असं तिला ऐकवते. तू लिहिलंस, 'इथे दिग्दर्शक पात्राच्या तोंडून भाषण करतो.' ऐकायला ते भाषण आहेच. पण ती कुणापुढे बोलते आहे? जिच्यापासून तिची मुलगी लपवून ठेवली आहे तिच्यापुढे. खरं कळण्याचा हक्क काय असतो हे आनाला शिकवताना जानिस स्वतः कोंडीत सापडलेली आहे आणि क्रूझच्या चेहऱ्यावर राग जास्त की शरम, हे मला दर वेळी वेगळं दिसतं. त्यानंतर फार वेळ जात नाही, ती निकालाचे कागद आनासमोर ठेवते. भाषणानं आनाचं मत बदलत नाही, बदलते ती जानिस. अशी जागा असेल तर भाषण खुशाल लिहावं.

शेवटाबद्दल मात्र मी तुझ्या बाजूची. उरुग्वेचा लेखक एदुआर्दो गालेआनोचं वाक्य पडद्यावर आणायची गरज नव्हती. खड्ड्यातल्या सांगाड्यांच्या जागी जिवंत माणसं आडवी झोपलेली दिसतात, तिथेच मी थांबले असते. तशी म्हाताऱ्या दिग्दर्शकांना शेवटी एक ओळ लिहायचा मोह होतोच आणि बहात्तराव्या वर्षी त्याला तो झाला तर माझी हरकत नाही.

मातीतून निघालेला तो खुळखुळा तुला 'अती' वाटला. म्हणून हे वाच. पालेन्सिया शहरात कारकाविया नावाची बाग आहे. तिथे पूर्वी स्मशान होतं आणि नंतर त्यावर मुलांसाठी खेळायची जागा झाली. 2011 मध्ये तिथल्या उत्खननात कातालिना मुन्योस या बाईच्या अवशेषांजवळ लहान बाळाचा रंगीत खुळखुळा सापडला. तिला सप्टेंबर 1936 मध्ये गोळ्या घातल्या होत्या. तिचं तान्हं बाळ वाचलं, मोठं झालं आणि 2019 मध्ये ऐंशी ओलांडलेल्या त्या मुलाच्या हातात तो खुळखुळा दिला गेला. सिनेमातलं तुला अती वाटणारं काही भेटलं, तर आधी ते घडून गेलं आहे का हे शोधून बघ. मेलोड्रामा या शब्दाला नाक मुरडायची सवय आपल्याला फिल्म सोसायट्यांनी लावली. मी त्यांतलीच, तरीही सांगते.

अल्मोदोवार इथवर किती उशिरा आला हेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीच्या सिनेमांत त्यानं फ्रँको जणू झालाच नाही असा पवित्रा घेतला होता आणि हे तो स्वतःच सांगतो. तो सूड होता, त्या माणसाची आठवणही ठेवायची नाही असा. पुढे 1997 च्या 'लाइव्ह फ्लेश'मध्ये पहिल्याच प्रसंगात हुकूमशाहीतल्या आणीबाणीची घोषणा होते, माद्रिदचे रस्ते ओस पडतात आणि एक बाई बसमध्ये बाळंत होते. ती बाई म्हणजे तरुण पेनेलोपे क्रूझ. तो सिनेमा मिळव आणि त्याचा पहिला आणि शेवटचा प्रसंग लागोपाठ बघ. आईपण आणि इतिहास हे जोडकाम त्यानं 2021 मध्ये अचानक काढलेलं नाही.

आता तुझा खर्डा. पुण्यात वाढलेली नात धाराशिवजवळच्या आपल्या गावी जाते आणि रझाकारांनी मारलेल्या पणजोबांची हकीकत शोधते. आजी बोलत नाही, आई फोनवर चिडते, नात विचारत राहते. प्रसंग चांगले आहेत, आजीची भाषा तर फारच चांगली. पण नात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बरोबर आहे आणि बाकी सगळे भित्रे. तिला गमावण्यासारखं काहीच नाही. त्यामुळे तिचे प्रश्न पत्रकाराचे वाटतात, घरातल्या मुलीचे वाटत नाहीत.

त्या भागाचा इतिहास सप्टेंबर 1948 ला संपत नाही हे तुला माहीत आहे, तुझ्या टाचणांत मी वाचलं. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि त्यांबद्दल दर 17 सप्टेंबरला बोललं जातं. पोलीस ॲक्शननंतर त्याच जिल्ह्यांमध्ये मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कितीतरी वर्षं लोकांपुढे आलाच नाही. टाचणांत हे आहे, मग संहितेत का नाही? पणजोबांच्या मरणाइतकंच तेही त्या घराच्या उंबऱ्यावर घडलेलं असू शकतं.

म्हणून एक करून बघ. नातीला तलाठ्याकडे पाठव. पणजोबांचं नाव शोधायला गेलेल्या तिला घरच्या जमिनीचे जुने फेरफार दिसू देत आणि 1948 च्या आधीचं नाव शेजारच्या मुसलमान कुटुंबाचं निघू दे. नंतर ती जमीन विकून आलेल्या पैशातून पुण्यातला फ्लॅट झालेला असू दे, ज्यात ती राहते. हे कळल्यावर ती काय करते, ते मला माहीत नाही आणि अजून तुलाही माहीत नसावं. पण त्यानंतर आजीसमोर बसून ती पुन्हा तोच प्रश्न विचारेल तेव्हा तिचा आवाज वेगळा लागेल. आजीला तो फरक कळेल, कारण ती सत्तर वर्षं हेच गिळून बसलेली आहे.

आईचा फोनही मग नुसता चिडचिडीचा राहणार नाही. तिला हे ठाऊक होतं का, हे ठरव. ठाऊक असेल तर तिनं लेकीपासून काय वाचवलं आणि स्वतःसाठी काय राखून ठेवलं, दोन्ही लिही. तिला खलनायिका करू नकोस, तेरेसा आठव.

तलाठ्याचा प्रसंग मध्यंतराच्या आधी यायला हवा, नंतर आला तर तो नुसता धक्का होईल. पानं वाढतील, वाढू देत. ढाब्यावरचे दोन्ही प्रसंग आणि शेवटची डायरी काढून टाकलीस की जागा होते. डायरीतून कळलेलं सत्य मला कधीच पटत नाही, कुणीतरी ते तोंडानं सांगितलं पाहिजे आणि सांगताना त्याचं काहीतरी गेलं पाहिजे. दुसरा खर्डा दिवाळीच्या आत पाठव, नंतर मी महिनाभर लेकीकडे असेन आणि तिथे नातू मला वाचू देणार नाही.

तुझी,
ताई