ओठावरचा तो पांढरा थर

"मावशी, गुरुवारी कॉलेज रोडला माझ्या सहा वर्षांच्या लेकाच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल केलं. सिडकोला परत येताना रिक्षात तो ओठ चघळत होता. मला वाटलं, खेळतोय. संध्याकाळी ओठ टम्म सुजला आणि शनिवारी आतून पांढरा थर दिसला. सासूबाई म्हणतात पू झालाय, हळद लावून पुसून काढ. हे म्हणतात, दुधाची दाढ पडणारच होती, नेलंस कशाला? लेक आरशात बघून विचारतो, 'माझा ओठ कापणार का?' पुढच्या आठवड्यात कॅप बसवायची आहे. रद्द करू का? माझंच लक्ष नव्हतं, मावशी."

अगं, मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते. आधी तो थर पुसायला घेतलेला कापूस खाली ठेव.

तू लिहिलंयस त्यावरून हा पू नाही. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दिलं की ओठ दोन ते चार तास बधिर राहतो. मुलाला ते विचित्र लागतं, तो चावून बघतो आणि दुखत नाही म्हणून चावतच राहतो. गुडघा फुटला की खपली धरते ना, तशीच ही ओठाची खपली. तोंडात सतत ओल असते म्हणून ती वाळून काळी होत नाही, पांढरी-पिवळट राहते. ओढून काढलीस तर खालची जखम पुन्हा उघडी पडेल. आठवडा-दोन आठवड्यांत ती आपोआप जाते. तरी ओठाचा फोटो आजच डॉक्टरांना पाठव. त्यांना हे नवीन नसतं.

तोवर गार, मऊ खाणं दे: दहीभात, खिचडी निववून, केळं. रविवारची मिसळ, चिवडा आणि हो, द्राक्षंसुद्धा काही दिवस बंद. आंबट रस जखमेवर फार झोंबतो. चूळ थुंकता येत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर भरायला लाव. दात रोज घासायचेच, फक्त ओठाला ब्रश लागू देऊ नकोस. ओठावर बाहेरून व्हॅसलीन लाव. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर वजन बघून सांगतील तेवढंच. ॲस्पिरिन मुलांना नाही. लवंगेचं तेल तर मुळीच नको, त्या नाजूक कातडीला भाजतं.

ताप आला, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच राहिली, हनुवटी-गळ्याकडे उतरली किंवा गिळताना, तोंड उघडताना त्रास झाला, तर मात्र थांबू नकोस. लगेच दाखव.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. नातवाच्या काळजीनेच त्या बोलतायत. दहीभात त्यांनाच कालवू दे.

कॅप रद्द करू नकोस. नवऱ्याला सांग, ही दाढ दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत राहायची असते. सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे कायमची दाढ येते. पुढची लवकर गेली तर मागची पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. तू नेलंस ते बरोबरच केलंस.

आणि लक्ष नव्हतं म्हणतेस. बधिर ओठ मूल चावतं हे तुला कोणी सांगितलं होतं का? नसेल, तर स्वतःला कशाला बोल लावतेस? लेकाला आरशासमोर उभं कर आणि सांग, हा पांढरा तुकडा म्हणजे ओठाने स्वतःच बांधलेली पट्टी आहे, कापायचं काही नाही. मुलांना खरं सांगितलेलं कळतं गं.

पुढच्या वेळी ओठाचं काय झालं ते डॉक्टरांना आधीच सांग. कॅपला इंजेक्शन लागणार आहे का, तेही विचार. लागलंच, तर ओठ आणि दात यांच्यामध्ये कापसाची गुंडाळी ठेवून मागता येते. ओठाला चिमटा कळू लागेपर्यंत खायला देऊ नकोस. आणि रिक्षात त्याला दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लाव. जोडाक्षरांपाशी अडखळेल, तुला विचारेल, पुन्हा वाचेल. सिडको येईपर्यंत ओठ दातांखाली जायला उसंतच मिळणार नाही.