क्यूएमू (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) सोर्सवरून कंपाइल करताना ‘ग्लिब सापडली नाही’ असं येतं, पण ग्लिब तर इन्स्टॉल आहे. काय करावं? नाशिकमध्ये कोणी बसवून देतं का?

तुमच्या मशीनवर ग्लिब (क्यूएमूला लागणारी लायब्ररी) आहे हे खरं, आणि कॉन्फिगरला, म्हणजे कंपाइलच्या आधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टला, ती सापडत नाही हेही खरं. उबुंटूत लायब्ररी दोन पॅकेजमध्ये येते. प्रोग्राम चालवायला लागणारी फाइल एकात, आणि कंपाइल करायला लागणारी हेडरं व डॉट-पीसी फाइल दुसऱ्यात, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं. कॉन्फिगर पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररी शोधणाऱ्या टूलला विचारतो आणि ते फक्त डॉट-पीसी फाइल, म्हणजे लायब्ररीची माहिती असलेली फाइल, शोधतं. लिबग्लिब२.०-डेव्ह टाका, ही एरर जाईल.

पण एवढ्यावर थांबू नका. एरर गेली की सगळं झालं, ही समजूत मला सर्वात घातक वाटते आणि तिच्यावर माझा एका सरांशी जुना वाद आहे.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या लॅबमधली गोष्ट. सरांच्या नोट्सप्रमाणे मुलांनी क्यूएमू कंपाइल केला. कॉन्फिगर पास, मेक (प्रत्यक्ष कंपाइल करणारी कमांड) पास, क्यूएमूच्या आत चालणारं गेस्ट लिनक्स बूटही झालं. मात्र गेस्टमध्ये नेट नाही. नेटवर्क कार्ड दिसतं, पत्ता मिळत नाही, नेहमी १०.०.२.१५ मिळायला हवा. मग स्विचवर संशय. केबल नव्याने क्रिंप केली, पोर्ट बदलले, कॉलेजच्या फायरवॉलला दोष देऊन झाला. दोष क्यूएमूच्याच बिल्डमध्ये होता. गेस्टला नेट देणारा स्लर्प हा कोड पूर्वी क्यूएमूच्या सोर्ससोबतच यायचा. डिसेंबर २०२२ च्या ७.२ आवृत्तीपासून तो काढला, आता लिबस्लर्प-डेव्ह वेगळं टाकावं लागतं. नोट्स त्याआधीच्या, त्यामुळे त्यात हे नाव नव्हतं. लायब्ररी नसली तर कॉन्फिगर तक्रार न करता ती सोय वगळतो. त्यात नेटवर्कचा काहीच ऑप्शन न देता क्यूएमू चालवला तर तोही गप्प राहतो, कार्ड देतो आणि मागे काही जोडत नाही. ‘-निक यूजर’ असं स्पष्ट लिहिल्यावर कुठे तो बोलला, की ‘यूजर’ बॅकएंड (कार्डामागची नेट देणारी बाजू) या बायनरीत, म्हणजे तयार झालेल्या प्रोग्राममध्ये, कंपाइलच केलेला नाही.

सरांचं म्हणणं आजही तेच: “कॉन्फिगरने एरर दिली नाही ना? मग आमची चूक नाही.” कॉन्फिगरच्या शेवटी जी लांबलचक समरी येते, तिच्यात स्लर्प सपोर्टपुढे ‘नो’ छापलेलं होतं. ती वर सरकवून वाचायला दोन मिनिटं लागतात.

म्हणून माझा आग्रह असा, की जे हवं ते मागून घ्या. कॉन्फिगरला नेटसाठी ‘एनेबल-स्लर्प’ आणि विंडोसाठी ‘एनेबल-जीटीके’ असे ऑप्शन द्या. मग लायब्ररी नसेल तर तो तिथेच अडेल, आणि अडलेलाच बरा. जीटीके आणि एसडीएल (हीसुद्धा विंडो दाखवणारी लायब्ररी) दोन्ही राहून गेले, तर विंडो उघडतच नाही. टर्मिनलवर ‘व्हीएनसी सर्व्हर ५९०० वर चालू’ (म्हणजे स्क्रीन वेगळ्या व्ह्यूअरमधून बघा) अशी एक ओळ येते आणि माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. लायब्ररी नंतर टाकली असेल तर नुसतं मेक पुन्हा मारून काही होत नाही. बिल्ड फोल्डर उडवा आणि कॉन्फिगर नव्याने चालवा.

एकेक डेव्ह पॅकेज गुगल करत बसण्यापेक्षा ‘एपीटी बिल्ड-डेप क्यूएमू’ वापरा, ही कमांड लागणारी पॅकेजेस एकदम आणते. त्यासाठी आधी सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये ‘सोर्स कोड’वर टिक करून एपीटी अपडेट करावं लागतं, नाहीतर तो सोर्स रेपोच सापडत नाही म्हणतो. पायथन३-व्हेन्व्ह आणि निंजा-बिल्ड (मेकच्या मागे कंपाइल चालवणारं टूल) आलेत ना, तेही बघा. नव्या आवृत्त्यांत कॉन्फिगर स्वतःचं पायथन व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण) बनवतो, आणि उबुंटूत ते पॅकेज वेगळं आहे.

टार्गेट-लिस्ट, म्हणजे कोणते प्रोसेसर हवेत त्याची यादी, दिल्याशिवाय कॉन्फिगर चालवू नका, नाहीतर कधी न लागणाऱ्या प्रोसेसरांसकट सगळं कंपाइल होत बसेल. पीसीसाठी एक्स८६_६४-सॉफ्टएमएमयू पुरे. एआरएमसाठी एआर्च६४-सॉफ्टएमएमयू घ्या, त्यात ३२ बिटचे बोर्डही येतात. ४ जीबी रॅमच्या मशीनवर मेकला ‘-जे२’ (एका वेळी दोनच कामं) द्या. ‘सीसी१ किल्ड’ (कंपाइलर मध्येच बंद पाडला गेला) असं आलं तर कोडमध्ये चूक शोधू नका, रॅम संपलेली असते. आणि पावसाळ्यात सिडकोत जाते तशी मध्येच वीज गेली, तर पुन्हा मेक मारा, काम राहिलं तिथून पुढे चालू होतं. लिंक करताना ‘फाइल ट्रंकेटेड’ आलं तर अर्धवट लिहिली गेलेली ती एक डॉट-ओ फाइल काढून टाका.

सुडो मेक इन्स्टॉलची घाई नको, क्यूएमू बिल्ड फोल्डरमधूनही चालतो. इन्स्टॉल करायचाच असेल तर प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉलची जागा, होम फोल्डरमधला द्या. प्रीफिक्स यूएसआर दिलात तर एपीटीच्या फाइलींवर तुमच्या फाइली बसतील आणि पुढच्या अपडेटला उलटं होईल.

बसवून देणारे नाशिकमध्ये मिळतील, पण समरी वाचणारा मिळेलच असं नाही. तुमचं तुम्हीच करा.

हे सगळं उबुंटू-डेबियनपुरतं. फेडोरात ‘डेव्ह’च्या जागी ‘डेव्हल’ आणि ‘डीएनएफ बिल्डडेप’. बिल्ड-डेप हे उबुंटूतल्या आवृत्तीच्या हिशेबाने पॅकेजेस आणतं, त्यामुळे अगदी नव्या सोर्सला एखादी लायब्ररी वरून टाकावी लागू शकते. गेस्ट फारच संथ चालला तर तुमचा यूजर केव्हीएम (गेस्टला खऱ्या प्रोसेसरवर थेट चालवणारी लिनक्सची सोय) ग्रुपमध्ये आहे का ते पाहा, आणि ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउट करून परत या. कोडमध्ये बदल करायचा नसेल किंवा अगदी नवी आवृत्ती नको असेल, तर एपीटीचा तयार क्यूएमू पुरतो.