किरणोपचारानंतर कमी प्रथिने खाल्ली तर किडनी वाचते का? उंदरांवरचे प्रयोग काय सांगतात?

उंदरांत फरक दिसला, पण त्यावरून स्वतःची डाळ-अंडी बंद करू नका, ही कळकळीची विनंती.

किडनीला किरणांची इजा उशिरा कळते. उंदरांच्या दोन्ही किडन्यांना एकदम १० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे एकक) आसपास मात्रा दिली, की आधी लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, मग रक्तदाब चढतो आणि काही महिन्यांत रक्तातले युरिया वाढते. १९८०च्या दशकात अमेरिकेत किडनीला किरण दिलेल्या उंदरांना ४, २० आणि ५० टक्के प्रथिनांचे खाद्य देऊन पाहिले. ४ टक्केवाल्यांच्या किडनीला इजा कमी झाली. कारण पटण्यासारखे आहे: जास्त प्रथिने म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्यांवर जास्त दाब, आणि इजेतून उरलेल्या गाळण्या त्यानेच झिजतात. पण ४ टक्क्यांवर वाढत्या वयाच्या उंदराची वाढच खुंटते. कर्करोगातून उठणाऱ्या, आधीच वजन घटलेल्या माणसाला असा आहार घातक ठरेल.

मला जास्त भरवशाचे वाटते ते कॅप्टोप्रिल. रक्तदाबाच्या या गोळीने उंदरांतली किरणजन्य इजा बरीच रोखली गेली. तेव्हा रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते सांगणारी रक्तचाचणी) आणि लघवीतले प्रथिन नियमित तपासा. पथ्य आणि गोळी मात्र किडनीतज्ज्ञांनाच ठरवू द्या.