फोनला संस्थेचा बिल्ला द्या, आयएमईआय मागू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दापोलीकडच्या तुमच्या मच्छीमार संस्थेने डिझेलची मागणी नोंदवायला अ‍ॅप करून घेतलं. आता एकाच नौकेच्या खात्यावर तीन-तीन फोनवरून मागण्या येतात. अ‍ॅप करणारा म्हणतो, प्रत्येकाचा आयएमईआय (फोनचा स्वतःचा कायमचा क्रमांक) घ्या, तो नाही मिळाला तर फोनच्या वायफायचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस घ्या, दोन्ही हॅश करून (गणिताने ओळखू न येणाऱ्या अक्षरांत बदलून) ठेवू म्हणजे कुणाला कळणार नाही. सभासद कुरकुरतायत, तरी चाळीसेक जणांचे नंबर एक्सेलमध्ये भरून झालेत.

सभासदांची कुरकुर अगदी रास्त आहे.

आयएमईआय १५ आकडी असतो. पहिले ८ आकडे मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या मॉडेलमधला अनुक्रमांक आणि शेवटचा एक नुसता ताळा पाहायला. सिम बदला, फोन पार कोरा करा, हा आकडा तोच राहतो. दुकानाच्या बिलावर तो, टेलिकॉम कंपनीच्या नोंदीत तो आणि आता तुमच्या एक्सेलमध्येही तोच. यातल्या दोन याद्या ज्याच्या हाती लागल्या, त्याला माणूस सापडला. शिवाय अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, साध्या अ‍ॅपला तो वाचताच येत नाही, आयफोनवरही नाही. म्हणजे सभासदाने हाताने टाइप केलेला आकडा तुम्ही खरा मानणार. ज्याला तीन फोन वापरायचेत तो तिन्हीवर तोच आकडा टाकेल.

मॅकचा अनुभव मी स्वतः घेतलाय. काही वर्षांपूर्वी आमच्या बंदरावर बर्फाच्या पावत्यांसाठी मॅकवरून फोन ओळखणारं अ‍ॅप आणलं होतं. अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅपने मॅक विचारला की फोन ०२:००:००:००:००:०० असं ठरलेलं उत्तर देतो. जसजसे नवे फोन आले, तसतसे सर्वरला ते सगळे एकच वाटू लागले आणि एकाची बर्फाची उधारी दुसऱ्याच्या नावावर चढली. ऐन हंगामात आठवडाभर आम्ही हिशेब जुळवत होतो. जेटीवर वायफाय लावून मॅक टिपू म्हणाल, तर आताचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक देतात. तो मार्ग मुद्दाम बंद केलाय, आणि ते योग्यच झालं.

हॅशचं मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे चांगले चांगले फसतात. हॅश उलटा करता येत नाही हे खरं, पण सगळ्या शक्यता करून पाहता येतात. मॉडेल कळलं की आयएमईआयमध्ये अनोळखी उरतात फक्त ६ आकडे. म्हणजे १० लाख शक्यता. साधा लॅपटॉप त्या काही सेकंदांत तपासतो. मोबाइल नंबरचंही तेच, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

आता मोबाइल कंपनीचं नेटवर्क स्वतः काय करतं ते बघा. सिममध्ये एक कायमचा क्रमांक असतो, आयएमएसआय. नेटवर्कला तुमची ओळख पटवल्याशिवाय चालतच नाही, तरी टूजीच्या काळापासून तो क्रमांक शक्यतो हवेत बोलायचा नाही, म्हणून फोनला तात्पुरतं टोपणनाव दिलं जातं आणि ते बदलत राहतं. त्यात एक भोक होतं: टॉवरने मागितला की फोन खरा क्रमांक उघडा सांगून टाकी. खोटे टॉवर याच भोकातून माणसं टिपत. २०१८ मध्ये ठरलेल्या फाइव्ह-जीच्या मानकाने त्यावर उपाय दिला. फोन आपला क्रमांक कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने (तिने लावलेलं कुलूप फक्त कंपनीच्या खासगी किल्लीने उघडतं) कुलूपबंद करून पाठवतो, आणि दर वेळी तो वेगळाच दिसतो. देशाचा आणि कंपनीचा कोड तेवढा उघडा राहतो, नाहीतर निरोप पोचायचा कुठे? (कंपनीने ही सोय चालू केली असेल तरच हं.) ज्याला ओळख हवीच आहे, त्यानेही ती गरजेपुरती आणि गरजेच्या जागीच उघडायची, हे तिथे पाळलं जातं.

तुमच्या अ‍ॅपलाही हेच करता येतं. पहिल्यांदा अ‍ॅप उघडलं की फोनने स्वतःच किल्ल्यांची एक जोडी तयार करायची. खासगी किल्ली फोनच्या सुरक्षित कप्प्यात राहील, बाहेर येणार नाही. सार्वजनिक किल्ली संस्थेकडे, नौकेच्या नावापुढे. मागणी पाठवताना फोन खासगी किल्लीने सही करतो, संस्था ती सार्वजनिक किल्लीने ताडून बघते. हा झाला संस्थेचा बिल्ला: तुमच्याकडे चालतो, बाहेर कुणाच्याच यादीशी जुळत नाही. फोन पाण्यात पडला, हरवला, तर सभासदाने कार्यालयात यायचं, सचिवांनी जुना बिल्ला रद्द करून नवा द्यायचा. टॉवरपासून दूर गेल्यावर रेंज जाते. टूजीचं गणितच साधारण ३५ किलोमीटरला संपतं. म्हणून प्रत्येक मागणीला अनुक्रमांक द्या, सहीसह फोनमध्ये राहू द्या, नौका रेंजमध्ये आली की जाईल. तीच मागणी दोनदा पोचली तरी एकदाच धरली जाईल.

आणि खरं सांगू, तुमचा मूळ प्रश्न फोनचा नाहीच. डिझेल नौकेला मिळतं. मालकाचा एक फोन, तांडेलाचा (नौका चालवणाऱ्याचा) एक, मालकाच्या मुलाचा एक, यात गैर काय? मर्यादा नौकेच्या कोट्यावर लावा आणि एका नौकेला तीन बिल्ले खुशाल द्या. मागणी कुठल्या बिल्ल्यावरून आली ते दिसेलच.

अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागत असेल तर ती आजच काढायला सांगा. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. जागा आणि वेळ अशा चार नोंदी ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरल्या. आपल्याकडे तर त्याहून जिव्हाळ्याची गोष्ट आहे. मासळी कुठे लागते हे तांडेल सख्ख्या भावाला सांगत नाही. हंगामभराचं लोकेशन एका फोनच्या नावाने साठलं, की पिढीजात ठाव सर्वरवर उघडे पडले. डिझेलच्या मागणीला त्यातलं काहीच लागत नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही कामापुरतीच माहिती घ्या असंच सांगतो.

आयएमईआय निरुपयोगी आहे असं नाही. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून तो काढा आणि घरी बिलासोबत लिहून ठेवा, असं सभासदांना जरूर सांगा. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही. फोन चोरीला गेला तर २०२३ पासून देशभर चालू असलेल्या संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो फोन बंद करता येतो.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, माणसं किनाऱ्यावर असतात. बिल्ल्यांची नोंदणी तेव्हाच करा. पण ती एक्सेल फाइल पुसायला तोवर थांबू नका. अ‍ॅपवाल्याकडची प्रत, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जिथे जिथे गेली असेल तिथून ती पुसा, आणि पुसल्याचं त्या चाळीस जणांना नावानिशी कळवा.