प्लग बदलला की पिकअप खरंच वाढतो का?

प्रश्न : माझी १५० सीसीची, फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल २४,००० किलोमीटर चालली आहे. सर्व्हिसिंगला दिली तेव्हाच इरिडियम प्लग टाकून घेतला आणि पेट्रोल वाचावं म्हणून पेट्रोलच्या नळीला चुंबकाची पट्टीही लावली. तेव्हापासून गाडी मोकळी पळते, ॲव्हरेजही वाढल्यासारखं वाटतं. मित्र म्हणतो, हा मनाचा खेळ आहे. खरं काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : गाडी मोकळी झाली असणार, पण श्रेय कोणाचं ते तपासायला हवं. त्याच दिवशी ऑइल नवं पडलं, एअर फिल्टर साफ झाला, चेन ताणून तिला वंगण मिळालं, टायरमध्ये हवा भरली गेली. आधीचा निकेलचा प्लग इतक्या किलोमीटरनंतर झिजून त्याची गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढलेली असते आणि चढावर तो मिसफायर करतो. तिथे साधा नवा प्लग टाकला असता तरी हाच फरक जाणवला असता.

इरिडियमचं मधलं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचं, निकेलचं सुमारे २.५. बारीक टोकावर ठिणगी कमी व्होल्टेजला पडते आणि धातू कठीण असल्याने झीज कमी होते. म्हणून हा प्लग जास्त टिकतो, आणि तेवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. मात्र हवा-पेट्रोल आधीइतकंच आत येत असल्याने ताकद वाढत नाही.

चुंबकाची पट्टी काढून टाका. इंजेक्शनच्या धडधाकट इंजिनात जवळजवळ सगळं पेट्रोल जळतंच, त्यामुळे पट्टीने वाचवण्यासारखं काही उरत नाही. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी १०० हून अधिक साधनं तपासली आहेत; ॲव्हरेजमध्ये भरीव वाढ एकानेही दाखवली नाही.

काढण्याआधी मित्राशी पैज लावायची असेल तर पट्टी दिसणार नाही अशी नळी झाका. प्रत्येक फेरीआधी मित्राने तुमच्या नकळत नाणं उडवून ती लावायची किंवा काढायची. फेरी मारून तुम्ही ओळखायचं. १० पैकी ९ किंवा जास्त उत्तरं नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. आठ आली तर हुरळू नका, निव्वळ नशिबानेही सुमारे ५ टक्के वेळा ८ किंवा जास्त जमतात.

ॲव्हरेज मात्र टाकीवरच मोजा. एकच पंप, एकच नोझल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला (ऑटो-कट) की थांबायचं, वर टॉप-अप नाही. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. पट्टीसह तीन टाक्या, नंतर पट्टीविना तीन, रस्ता तोच. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. नवीन वस्तू लावली की माणूस नकळत ॲक्सिलरेटर हलक्या हाताने पिळतो आणि ॲव्हरेज खरोखरच वाढतं, पण ते हाताचं. ऋतूही फसवतो : हवा १० अंशांनी थंड झाली की सुमारे ३ टक्के दाट होते, त्यामुळे ऑक्टोबरात बसवलेली वस्तू डिसेंबरात जोमदार वाटते.

प्लगची तुलना अशी वारंवार काढघाल करून करू नका. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग खोलला तर आटे जातात. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवा, मग नवा वॉशर असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा.